वजाबाकीची वही

न्हाणीघरातला वजनकाटा मी गॅरेजमध्ये नेला, त्याला आता दोन वर्षं होतील. तो परत घरी आलेला नाही. त्याच्यावर गिअर ऑइलचे डाग पडलेत, एका कोपऱ्याची काच तडकली आहे, आणि घरात आता कुणालाच तो परत नको आहे.

गाडी म्हणजे एक जुनी, छोटी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. शर्यतीचा वर्ग अगदी तळातला. इंजिनाला हात लावायचा नाही, टर्बो नाही, गिअरबॉक्स गाडीसोबत आलेलाच. खरं तर हा नियम केला नसता तरी चाललं असतं, कारण इंजिनाला हात लावण्याइतके पैसे आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. अशा वर्गात माणूस फिरून फिरून वजनापाशीच येतो. वजन काढायला पैसे लागत नाहीत, पाने लागतात, असं आम्हाला तेव्हा वाटत होतं.

हिशेब तसा साधा आहे. १००० किलोची, १०० अश्वशक्तीची गाडी घ्या. तिच्यातून १०० किलो काढले, की ताकद आणि वजनाचं जे गुणोत्तर हाती येतं, तेच वजन न काढता मिळवायचं तर इंजिनातून ११ अश्वशक्ती जास्त काढाव्या लागतात. शिवाय वाढवलेली ताकद सरळ पट्ट्यावरच उपयोगी पडते. काढलेलं वजन ब्रेक लावताना कामाला येतं, वळणात येतं, वळणातून बाहेर पडताना येतं. १०० च्या वेगाने धावणाऱ्या १००० किलोच्या गाडीत साधारण ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे ती सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये उष्णता म्हणून ओतायची. वजन दहा टक्क्यांनी घटलं की ही उष्णताही दहा टक्क्यांनी घटते, आणि पाचव्या-सहाव्या लॅपला पेडल मऊ पडू लागतं तेव्हा तो फरक तळपायाला कळतो.

गाडीवर काम आम्ही दोघं करायचो. मी आणि माझा एक मित्र, जो खरा मेकॅनिक आहे. मी पाना धरणारा. पहिल्याच दिवशी त्याने एक नियम घालून दिला, की काट्यावर ठेवल्याशिवाय काहीही फेकायचं नाही. ‘‘अंदाजाने काढलेलं वजन अंदाजानेच कमी होतं,’’ तो म्हणाला आणि एक रेघांची वही माझ्या हातात दिली. डावीकडे वस्तूचं नाव, उजवीकडे वजन. गालिच्यासारख्या वस्तू काट्यावर नीट बसत नाहीत. त्या कवेत धरून काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. त्यामुळे त्या महिनाभरात माझं वजन मला दिवसातून चार वेळा कळत होतं. ही शिक्षा वेगळीच.

पहिली दुपार मोठ्या आनंदाची असते. स्टेपनी, जॅक आणि पाने मिळून १६ किलो. मागची सीट १७. पुढची डावी सीट १४. गालिचा आणि त्याखालचा जाड नमदा १३. चार तासांत ६० किलो गाडीबाहेर, आणि घाम सोडला तर खर्च शून्य. गालिच्याखाली आधीच्या मालकाचं सामान निघालं: केसांच्या पिना, पेनांची टोपणं, एक लाल खडू, नाणी. तेही मी वजन करून लिहिलं. ४१० ग्रॅम.

नंतरचं मात्र हळू येतं. पत्र्याच्या फरशीवर कंपनी डांबरी पट्ट्या चिकटवते. पत्र्याची थरथर जिरवायला आणि गाडीतला आवाज कमी करायला. या पट्ट्या छिन्नीने काढायला गेलं तर बोटांची सालं निघतात आणि पट्टी च्युइंगगमसारखी ताणली जाते. त्यावरचा उपाय म्हणजे ड्राय आइस, गोठवलेला कार्बन डाय-ऑक्साइड. तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास. जाड हातमोजे घालून तुकडे पट्टीवर पसरायचे, दहा मिनिटं थांबायचं, आणि मग हातोडीने हलकेच ठोकायचं. डांबराला थंडीने जो ठिसूळपणा येतो तो बघण्यासारखा असतो. पट्टीवर बर्फासारखी पांढरी साय धरते, मग ‘कट्’ असा कोरडा आवाज, आणि तळहाताएवढा तुकडा पत्रा सोडून मोकळा होतो. खाली कारखान्यातला रंग जसाच्या तसा, इतक्या वर्षांत ऊन न पाहिलेला. मला त्या कामाचा इतका नाद लागला की मी पुढच्या सीटसमोरच्या, पाय ठेवायच्या खळग्यात डोकं खुपसून अर्धा तास ठोकत बसलो. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागेत साचतो, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि आठवणं यांत फरक आहे. डोकं जड झालं, श्वास भराभर चालू लागला, आणि मित्राने पाय धरून बाहेर ओढलं. त्यानंतर चारही दरवाजे उघडे, शटर पूर्ण वर, आणि दर पाच मिनिटांनी डोकं बाहेर. एवढं करून निघाले ९ किलो.

त्या पट्ट्या गेल्या आणि गाडीचा आवाज बदलला. दरवाजा पूर्वी ‘धप्’ करून लागायचा, आता पत्र्याच्या डब्यासारखा लागतो. चाकाखालून उडालेला प्रत्येक खडा फरशीवर ऐकू येतो. गिअरबॉक्स गुणगुणतो हे तर मला त्याआधी ठाऊकच नव्हतं.

एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, नळ्या मिळून १७ किलो निघाले. त्यातला वायू हवेत सोडून द्यायचा नसतो. तो यंत्राने काढून घेणारे लोक असतात, त्यांच्याकडे जायचं. हीटर मात्र ठेवला. हीटर काढलेल्या गाड्या पावसात उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात, समोरची काच आतून दुधासारखी पांढरी आणि चालक एका हाताने फडकं फिरवतोय. दीड-दोन किलोंसाठी आंधळं होण्यात शहाणपण नाही.

वायरिंगबद्दल मी फार बोलणार नाही, जखम अजून ओली आहे. स्पीकर, त्यांच्या तारा, आरशांच्या मोटरी, मागच्या काचेची तार असं करत ७ किलो निघाले. पण लूमची, म्हणजे तारांच्या जुडग्याची, टेप सोडून एकेक तार मागे मागे शोधत जाताना मी एक काळी तार निरुपयोगी समजून कापली. ती तीन-चार गोष्टींची मिळून अर्थिंग होती आणि त्यातली एक पेट्रोलचा पंप. दोन रात्री गेल्या. वजन वाचलं ११ ग्रॅम. वहीत ती नोंद आहे.

बाजूच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवलं. काचेची घनता पाण्याच्या अडीच पट असते, पॉलिकार्बोनेटची १.२ पट. म्हणजे तेवढ्याच जाडीत निम्म्याहून कमी वजन, तेही गाडीच्या वरच्या भागातलं, जिथून काढलेला प्रत्येक किलो गुरुत्वमध्य खाली आणतो. ६ किलो वाचले. समोरची काच मूळचीच ठेवली. दाराचे आतले पुठ्ठे, छताचं कापड, डॅशबोर्डचा अर्धा भाग मिळून ११, आणि चालकाची मूळ सीट १७. सगळी बेरीज १२७ किलो. ९४० ची गाडी ८१३ वर आली. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मागचा बंपर धरून गाडी उचलून बघितली. ती उचलली गेली नाही, पण उचलली जाईल असं वाटलं.

मग दुसरं पान उघडलं. त्याला मी मथळा दिला होता ‘सक्तीची बेरीज’. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, ४१ किलो. बकेट सीट आणि तिचे ब्रॅकेट १०. अग्निशामक ४, पट्टे ३. एकूण ५८. म्हणजे एवढी तोडफोड करून, नखं काळी करून, निव्वळ कमाई ६९ किलो.

केजचा तो ४१ चा आकडा मला बरेच दिवस सलत होता. ३८ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी मीटरला साधारण २.२ किलो भरते आणि अशा नळ्या अख्ख्या गाडीभर फिरतात. मी मित्राला विचारलं, ‘‘जाडी दोनची घेतली तर?’’ तो वेल्डिंगचा मुखवटा वर करून माझ्याकडे बघत राहिला. नंतर म्हणाला, ‘‘तुझ्या डोक्याचं वजन किती? ते पण काढू.’’ आंतरराष्ट्रीय नियमांत दोन मिलिमीटरची नळी चालते, पण मग व्यास वाढवून ४० घ्यावा लागतो, आणि मुख्य कमानीला त्याहून मोठ्या व्यासाची नळी लागते. कुणीतरी बसून, गाड्या उलटवून ठरवलेले आकडे आहेत ते. त्यांच्याशी घासाघीस करायची नसते. दारातल्या आडव्या पट्ट्याही आम्ही काढल्या नाहीत.

इथवर ठीक होतं. पण आमच्या वर्गात किमान वजन ८५० होतं आणि गाडी ८७१ वर उभी होती. हे २१ किलो मला झोपू देईनात.

किमान वजनाची गंमत अशी, की तिथवर पोहोचायचा मोह आणि तिच्या खाली जायची भीती एकाच वेळी असते. २०२४ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत जॉर्ज रसेल पहिला आला. शर्यतीनंतर गाडी काट्यावर चढली, इंधन काढलं, आणि ७९८ किलोंच्या मर्यादेपेक्षा ती दीड किलोने कमी भरली. विजय गेला. त्याने एकदाच टायर बदलून शर्यत ओढली होती, आणि घासून गेलेलं रबर हेही वजनच असतं. तिथे दीड किलोवरून शर्यत जाते आणि इथे मी २१ किलो फुकट वाहतोय, या विचाराने मी ड्रिल हातात घेतलं.

भोकं पाडायची जुनी परंपरा आहे. पेडलला भोकं, ब्रॅकेटला भोकं, दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं. दिसायला फार शर्यतबाज दिसतं. मी २५ मिलिमीटरचा होल-सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, घेऊन दोन रात्री बसलो. चकत्या खाली पडत होत्या, चकचकीत, कडेला धार असलेल्या. तिसऱ्या रात्री मित्राने त्यातली मूठभर उचलली, काट्यावर टाकली आणि काही न बोलता वही पुढे केली. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यातली २५ मिलिमीटरची चकती चार ग्रॅमही भरत नाही. एक किलो काढायला २६० भोकं लागतात. मी ९० पाडली होती. ३५० ग्रॅम, म्हणजे गालिच्याखाली सापडलेल्या पिना आणि टोपणांपेक्षा कमी.

पोर्शेने ९१७ या गाडीला गिअरच्या दांड्याची मूठ बाल्सा लाकडाची लावली होती, आणि तिची नळ्यांची चौकट इतकी पातळ, की तिच्यात दाबाखाली वायू भरून ठेवत. दाब उतरला की कुठेतरी तडा गेला असं समजायचं. ती गाडी १९७० आणि १९७१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण बाल्साची मूठ लावायची पाळी आधी चौकट, चाकं, इंजिन सगळीकडचं काढून झाल्यावर येते. मी मुठीपासून सुरुवात केली होती.

खरं तर तेवढ्या वेळात मी चाकांकडे बघायला हवं होतं. चाकाच्या कडेला असलेला प्रत्येक किलो गाडीबरोबर पुढेही जातो आणि स्वतःभोवती फिरतोही, त्यामुळे वेग पकडताना तो जवळपास दोन किलोंसारखा वागतो. वर तो स्प्रिंगच्या खाली लटकलेला असतो, म्हणजे खड्ड्यावरून उडालेलं चाक परत जमिनीला टेकवायचं काम डॅम्परला, म्हणजे धक्के जिरवणाऱ्या शॉक-अॅब्सॉर्बरला, जास्त. आणि अलॉय म्हणजे हलकं असं धरून चालू नये. आमची स्वस्तात मिळालेली ओतीव अलॉय काट्यावर ठेवली तेव्हा ती मूळच्या लोखंडी चाकांपेक्षा प्रत्येकी ७०० ग्रॅम जड निघाली. परत लोखंडी बसवली. फोटोत गाडी गरीब दिसते.

तर अशी ती हलकी, भोकं पाडलेली गाडी घेऊन आम्ही ट्रॅकवर गेलो. पहिले तीन लॅप स्वर्ग. गाडी पिकअप घेते, वळणात नाक घालते, मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसतोय. चौथ्या लॅपला लांब पट्ट्याच्या शेवटी, उजव्या वळणाआधी, ब्रेक जरा उशिरा आणि जरा जोरात दाबला. मागची चाकं आधी अडकली. गाडीचं शेपूट माझ्या शेजारून पुढे निघून गेलं, अगदी सावकाश, एखाद्याने ‘जरा जाऊ द्या’ म्हणून पुढे सरकावं तसं. मग ट्रॅक, गवत, आकाश, ट्रॅक. कशालाही न धडकता मी उलट्या तोंडाने थांबलो. इंजिन बंद. आणि त्या शांततेत, डांबरी पट्ट्या नसलेल्या फरशीवर, पत्र्याच्या पोकळीत अडकून राहिलेली एक चकती खणखणत घरंगळत गेली.

संध्याकाळी मित्राने चार काटे मागून आणले आणि प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. वहीत मी फक्त बेरजा लिहीत आलो होतो, कुठून काय काढलं हे कधी बघितलंच नव्हतं. सुरुवातीला पुढच्या चाकांवर ५८३ आणि मागच्यांवर ३५७ किलो होते. आता पुढे ५६४ आणि मागे ३०७. पुढून गेले १९, मागून ५०. साहजिक आहे, स्टेपनी, मागची सीट, गालिचा, सगळं सोपं सोपं मागेच असतं आणि पुढे इंजिन, ज्याला हात लावायचा नाही. त्यात ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो. गाडीची उंची आणि लांबी धरून मित्राने कागदावर आकडे मांडले, तेव्हा जोराच्या ब्रेकखाली मागच्या चाकांवर उरणारा भार पूर्वीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने घटला होता. मागचे ब्रेक मात्र पूर्वीइतक्याच जोमाने दाबत होते. न अडकून करतील काय?

अजून एक गोष्ट तेव्हा नजरेला आली, जी आठवडाभर समोर उभी होती. मागच्या स्प्रिंगवरचा भार उतरला, म्हणून गाडी मागून सेंटीमीटरभर वर आली होती. गुरुत्वमध्य खाली आणायला मी काचा बदलल्या होत्या, आणि गाडी चवड्यांवर उभी राहिली होती.

स्प्रिंग बदलल्या. मागच्या ब्रेकच्या दाबाला एक फिरवता येणारा व्हॉल्व्ह लावला. पण मित्राचं डोळ्यांनी मोजमाप चालूच होतं. तो एकदा बॉनेट उघडून बॅटरीकडे बघायचा, एकदा डिकीत, स्टेपनीच्या रिकाम्या खळग्याकडे. बॅटरी साधी शिशाची, १४ किलोंची. मी तिच्या जागी हलकी लिथियमची घ्यायची म्हणून पैसे साठवत होतो, दहा-अकरा किलो एका फटक्यात गेले असते. तो म्हणाला, ‘‘ती बॅटरी हलकी करू नको. मागे ने.’’

मागे न्यायची म्हणजे डिकीपासून इंजिनापर्यंत जाड तांब्याची केबल. बॅटरीला गळती न होणारा बंद डबा. बाहेरून हात घालून सगळं बंद करता येईल असा कटऑफ स्विच तर आधीच होता. म्हणजे गाडीत वजन वाढणार. मी हुज्जत घातली. १९८२ साली फॉर्म्युला वनमध्ये ब्राबम आणि विल्यम्सच्या संघांनी ब्रेक थंड करायला म्हणून पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या. शर्यत सुरू झाली की पाणी सांडून टाकायचं, गाडी मर्यादेखाली पळवायची, आणि शेवटी काट्यावर चढण्याआधी टाकी परत भरायची. ब्राझीलला ब्राबमचा नेल्सन पिके पहिला आणि विल्यम्सचा केके रोसबर्ग दुसरा आला, नंतर दोघंही बाद झाले. लोक वजन टाकण्यासाठी इथवर गेलेत, आणि आपण विकत आणून घालायचं? मित्राने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘त्यांचं पाणी सांडायच्या आधी गाडीत कुठे ठेवलं होतं, ते कुणी नीटच ठरवलं असणार.’’

रविवारी केबल ओढली. फरशीच्या कडेने, केजच्या पायाजवळून, प्रत्येक वीतभर अंतरावर रबरी क्लिप, पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी. माझ्या ९० भोकांपैकी एक त्यासाठी कामाला आलं, हे मी त्याला सांगितलं नाही, त्याला दिसलंच. बॅटरी खळग्यात बसली, पट्टा आवळला. चार काट्यांवर पुढे ५५१, मागे ३२३. एकूण ८७४.

ओढण्याआधी केबल वेटोळं करून मी वजन केली होती: १.९ किलो. डबा आणि पट्टा १.२. वही घेऊन बसलो तर कुठल्या पानावर लिहायचं ते कळेना. पहिलं पान वजाबाकीचं. दुसऱ्यावर वर मोठ्या अक्षरांत ‘सक्तीची बेरीज’, आणि ही सक्ती कुणीच केली नव्हती.

‘‘लिही ना,’’ मित्र खळग्यातूनच ओरडला.

मी मथळ्यातला पहिला शब्द खोडला आणि खाली लिहिलं: केबल, डबा, पट्टा. अधिक ३.१.